गयाबाईनं कोयता नाकारला तेव्हा

सव्वीस सप्टेंबर. जेवणं उरकून मी गोदामात खोक्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. खळ ज्वारीच्या पिठाची, घरी शिजवलेली. विकतचा डिंक आमच्याकडच्या उन्हात सुटतो. समोर गयाबाई पोत्यावर बसून हातमोजे तपासत होती. तेवढ्यात फोनवर मोजे घेणाऱ्या परदेशी कंपनीचा मेल आला. संस्थेत इंग्रजी वाचणारी मी एकटी, त्यामुळे मेल यायचे ते माझ्याच फोनवर.

मेल सभ्य होता. आधी आमच्या कामाचं कौतुक, आणि मग खाली दोन ओळी. डिसेंबरअखेर जाणारा माल हा शेवटचा. जानेवारीपासून कंपनी हे मोजे आपल्याच देशात शिवणार होती. तिथल्या गिऱ्हाइकांना आता आपल्या देशात बनलेला माल हवा होता, आणि नवी यंत्रंही बसली होती.

मी फोन पालथा ठेवला आणि पुढची चिठ्ठी घेतली.

"काय म्हणतंय सायब?" गयाबाईनं मोज्यातला हात न काढता विचारलं.

"माल वेळेवर पाठवा म्हणतोय."

हे खोटं नव्हतं. मेलमध्ये तेही होतं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारं. गोदाम सोसायटीचं, खताच्या पोत्यांसाठी बांधलेलं. लागोपाठच्या दुष्काळात पेरण्याच होईनात, तर खत कोण उचलणार? रिकामं पडलं, तेव्हा आम्ही अठरा बायकांनी शिवणकामाची सहकारी संस्था काढली आणि ते मागून घेतलं. मी बी.कॉम. आणि घरची बरी, म्हणून सचिव मी. एका ओळखीतून परदेशातल्या या कंपनीचं काम मिळालं: बागकामाचे जाड कापडी हातमोजे. कापड त्यांचं, शिलाई आमची.

गयाबाई आली ती संस्थेच्या पहिल्या उन्हाळ्यात, ऊसतोडीवरून परतल्यावर. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक नसलं तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला नको असतो. गयाबाई आणि तिचा नवरा नामदेव वर्षानुवर्षं असाच कोयता धरत आले होते. दसरा झाला की उसाच्या फडावर निघायचं, उन्हाळ्यात परत यायचं.

शिकवायला आलेल्या मास्तरनं तिचे हात बघून मान हलवली. तळवे नारळाच्या करवंटीसारखे, बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या खुणा. "या हातानं कापडाचे धागे ओढले जातील," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, पण बाजूला म्हणजे चार फुटांवर. गयाबाईनं ऐकलं.  कंपनीचा नमुन्याचा मोजा उचलला, हातात घातला, कोपऱ्यातलं फावडं घेऊन बाहेर गेली आणि दगडासारख्या जमिनीत खणायला लागली. दहा मिनिटांनी आत येऊन मोजा मास्तरपुढे टाकला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी उसवली होती.

"हितं दुहेरी पट्टी लावा म्हणावं सायबाला. कोयता बी हितंच घासतो, फावडं बी हितंच. शिवणाऱ्यानं कंदी हातात दांडा धरला न्हाई वाटतं."

मी ते कंपनीला लिहून कळवलं. फार आशा नव्हती. महिन्यानं नवा नमुना आला, बेचकीत दुहेरी पट्टी लावलेला. गयाबाई तपासणीस झाली, फडावरून परतल्यावरच्या महिन्यांपुरती.

तिची तपासायची पद्धत तिचीच होती. आम्ही मोजा उजेडात धरून डोळ्यांनी बघायचो. ती हात आत घालायची, पाचही बोटं एकदा उघडमिट करायची आणि बघायची रस्त्याकडे. कोण आलं, कोण गेलं, टँकर आला का, हे सगळं तिकडे चालू असायचं, आणि बोटांना आत सुटलेला टाका लागला की तोंडातून निघायचंच: "ह्याची करंगळी रुसली." "ह्यो सासुरवाडीला निघालेला, लई ताठ." मग डाव्याला उजवा जुळवायची. दोन्ही नीट जमले की मांडीवर एक चापट मारून म्हणायची, "जमला कोयता!" आम्हीही हळूहळू जोडी म्हणायचं सोडून कोयताच म्हणायला लागलो.

कांता तिच्या शेजारी बसायची, तोंडानं तिखट. एकदा म्हणाली, "गया, नवऱ्यासंग तुझा कोयता पंधरा वर्षं टिकला. कंदी उसवला न्हाई का गं?"

"उसवला की. दर साली उसवतो," गयाबाई म्हणाली. "पर फडात दुसरा कोण भेटतो? त्योच शिवून घ्यायचा."

दिला शब्द ती फिरवत नसे. टँकरच्या रांगेत बाया हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. गयाबाईनं एके दिवशी उभं राहून सांगितलं, आज माझा हंडा शेवटी, उद्यापासून ज्याचा आज शेवटी त्याचा उद्या पयला. त्या दिवशी तिच्या हंड्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. रिकामा हंडा घेऊन ती गोदामात आली, माझ्या माठातलं पाणी प्याली आणि कामाला बसली. ती रांग मात्र त्यानंतर तशीच चालली.

मेल आला त्याच्या आदल्या वर्षी जुलैत कंपनीचा माणूस आला होता. उंच, घामानं निथळणारा, हसरा. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. तो सगळीकडे फिरला आणि गयाबाईपाशी थांबला. तिचे हात त्यानं तासभर फोनमध्ये टिपले. मोजा काठीवर कसा उलटवते, बेचकीतली पट्टी दाबून कशी बघते, सगळं. ती नवरीसारखी मान खाली घालून बसली होती, पण हात नेहमीपेक्षा जास्तच ऐटीत चालले होते.

शेवटी ती मला म्हणाली, "ताई, त्याला इचारा, तुमच्यातल्या बाया कावून शिवत न्हाईत?"

मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडे हातानं करवून घेणं परवडत नाही. पण यंत्रं जमली तर आम्हाला हे काम घरी न्यायला आवडेल.

बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "त्यांच्याकडच्या बायकांना हे येत नाही म्हणतात."

"आरं देवा!" गयाबाईला खरंच वाईट वाटलं. "मग शिकवू की. त्यात काय! म्हणावं, अजून काय टिपायचं तर टीप."

आणि तिनं त्याच्यासाठी पुन्हा एकदा, सावकाश, मोजा उलटवून दाखवला.

त्या वेळी मी चुकीचं भाषांतर केलं ते बायकांचा दिवस खराब होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सवय तिथून लागली असावी.

आता सव्वीस सप्टेंबरकडे येते. त्या वर्षी चैत्रात गयाबाईची सासू गेली. इतकी वर्षं मुलगी मनीषा आजीजवळ राहून शाळा शिकत होती. आईबाप फडावर, नात आणि आजी गावात. आता मनीषा दहावीला होती, आणि घरात कोणी नव्हतं. वयात आलेली पोर सहा महिने एकटी ठेवता येत नाही. बरोबर न्यायची तर शाळा सुटणार. तिसरी वाट आमच्याकडे बरेच जण धरतात: पोरीचं लग्न उरकून टाकायचं. गयाबाईला ते नको होतं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं, आणि त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "मला कुणी इचारलं न्हाई. मी तिला इचारणार हाय."

म्हणून तिनं ठरवलं होतं, की बारा महिने काम असेल तर यंदा कोयता धरायचा नाही. नामदेवला चारा छावणीवर गाड्या उतरवायचं काम मिळालं होतं. तिचं मोज्यांचं. मार्चात पोरीची परीक्षा. बस्स.

सव्वीस सप्टेंबरलाच, चार वाजता, बन्सी मुकादम मोटारसायकलवर आला. गोदामाच्या दारात, गाडीवरून न उतरताच म्हणाला, "काय गया, काय ठरलं? नाव लिवू का खोडू?"

"थांब की रं, पाणी तर पी."

"पाणी कुठाय तुमच्या गावात? टोळी भरत आली माझी. आज सांग. मागून दारात आलीस तर जागा न्हाई."

गयाबाईनं हातातला मोजा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. कांता आणि बाकीच्या बायकांनी मशिनी थांबवल्या. आमच्यातल्या अकरा घरांत कोयता होता, आणि गया काय करते ते बघून त्या ठरवणार होत्या, हे मला माहीत होतं.

"ताई, तुमी सांगा. फुडं काम हाय ना?"

माझा फोन खळीच्या वाटीशेजारी पालथा पडला होता. मी हिशेबी बाई आहे. मेल वाचल्यापासून दीड तास मी डोक्यात एकच मांडणी करत होते: आत्ता सांगितलं तर अकराच्या अकरा कोयता धरतील, शेवटचा माल अर्धवट राहील, कंपनी तो घेणार नाही, संस्थेचं नाव जाईल. माल पूर्ण करून दिला तर त्याच जोरावर दुसरं काम मागता येईल. या मांडणीत गयाबाईची मनीषा कुठेच नव्हती. ती मला त्या क्षणी आठवलीच नाही असं म्हणण्याची सोय मला नाही. आठवली होती.

"काम आहे," मी म्हणाले.

'डिसेंबरपर्यंत' हा शब्द मी गिळला.

गयाबाई बन्सीकडे वळून म्हणाली, "खोड माझं नाव."

"बघ बरं का. पंधरा वर्षांची जागा हाय."

"खोड म्हणते ना. ताईनं सांगितलंय."

त्यानं खिशातून वही काढून गाडीच्या टाकीवर ठेवली आणि आमच्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली. संध्याकाळपर्यंत आणखी दहा नावं खोडली गेली.

त्या हिवाळ्यात गयाबाई एखाद्या परगावी आल्यासारखी वागायची. पंधरा वर्षांत तिनं आपलं गाव थंडीत पाहिलंच नव्हतं. सकाळी धुकं दिसलं की गोदामात येऊन सांगायची, "आपल्यात बी धुकं पडतंय की ओ ताई!" हुरड्याची तिला भारी हौस, पण त्या साली रानात ज्वारीच नव्हती. "आसू द्या," म्हणायची, "फुडल्या साली खाऊ. आता काय, हितंच हाय मी."

दिवाळीला तिनं मला फराळाला बोलावलं. भिंतींना पांढरी माती दिली होती, दारात रांगोळी. पणत्या हातात घेऊन ती उंबऱ्यात घोटाळत उभी होती. तिला आपल्याच घरात पणत्या कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं. पंधरा दिवाळ्या फडावरच्या खोपीपुढे लावलेल्या. शेवटी शेजारणीला हाक मारून विचारलं, "आक्का, आमच्या सासूबाई दिवं कुठं लावायच्या?" शेजारीण हसली आणि सांगितलं: दोन कोनाड्यांत, एक तुळशीपाशी, एक जनावरांच्या दावणीला. दावण रिकामी होती, बैल छावणीत. तरी तिनं तिथेही लावली.

मनीषानं मला वहीतला इंग्रजीचा निबंध दाखवला. 'माझी आई' असा विषय होता. मी दोन चुका काढल्या. गयाबाईनं करंज्या पुढे केल्या आणि मी तीन खाल्ल्या. दिवाळीनंतर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. दिवाळीनंतर ठरवलं, माल गेल्यावर सांगायचं.

माल वेळेत गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, कंपनीनं काम आपल्या देशात परत नेलं. कधी कळवलं, ते सांगितलं नाही.

 कांता उसळली. "आसं कसं? चार महिने आदी सांगायचं व्हतं! आमी कोयते सोडले! ताई, तुमाला खरंच काई कळलं न्हवतं?"

मी तोंड उघडायच्या आत गयाबाई बोलली, "येडी का काय तू? ताईला म्हाईत आसतं तर तिनं सांगितलं नसतं व्हय?" मग मला म्हणाली, "पर त्यांच्या बायांला तर येत न्हवतं ना ताई? शिकल्या वाटतं."

एवढंच. त्या माणसाचा फोन, ते तासभर टिपणं, काही तिच्या डोक्यात आलं की नाही, मला कळलं नाही.

छावणीही त्याच सुमाराला बंद झाली. बन्सीच्या टोळीतलं एक जोडपं आजारी पडून परतलं होतं आणि कर्नाटकातल्या एका कारखान्यावर जागा होती. गयाबाई त्याच्या दारात गेली. त्यानं टोमणा मारला असणार, ती त्याबद्दल बोलली नाही. दोन दिवसांत निघायचं ठरलं. मनीषालाही न्यावं लागणार, हे कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेले.

"मनीषाला माझ्याकडे ठेवा," मी म्हणाले. "परीक्षा होईपर्यंत. माझ्या घरी जागा आहे, अभ्यासाला मी बघेन."

 गयाबाईनं माझे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "ताई, मी इचारणारच व्हते, तोंड होईना. तुमच्यावर टाकून जाते म्हंजी काय काळजीच न्हाई. मने, कापडं भर गं तुजी!"

पोर आत पळाली. तिच्या पिशवीत कपडे पडल्याचा आवाज येत होता. मी तिथेच गप्प राहायला हवं होतं. एवढं एक काम मला जमलं असतं, पोर परीक्षेला बसली असती, आणि माझ्या मनात काय खदखदतंय ते माझं मी सांभाळलं असतं. पण तिचे हात माझ्या हातांवर होते आणि मला ते सोसेना.

"गयाबाई, मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"काम जाणार ते. आधीच कळलं होतं."

तिनं हात काढून घेतले, पण झटकले नाहीत. "कंदी कळलं?"

"दसऱ्याच्या आधी."

"बन्सी आला त्याच्या आदी का मागून?"

"आधी. त्याच दिवशी. दुपारी."

तिनं मान हलवली, रस्त्याकडे बघून. मोजे तपासताना बघायची तशी. मग आत हाक मारली, "मने, पिशवी ऱ्हाऊ दे. तू येतीस आमच्यासंग."

"माझा राग पोरीवर काढू नका," मी म्हणाले. खूप बोलले. वर्ष वाया जाईल, शिक्षकांशी मी बोलते, हवं तर माझं तोंड बघू नका.

"राग न्हाई ओ," ती म्हणाली, आणि खरोखरच तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमी वाईट न्हाईत. पर पोरगी तुमच्याकडं ठिवली, आन उद्या तिला ताप आला, काय झालं, तर तुमी मला कंदी सांगताल? आमचा फड संपल्यावर?"

 सप्टेंबरात मी गप्प बसले ते माझ्या सोयीसाठी, आणि बोलले तेही माझ्याच सोयीसाठी. दोन्ही वेळा किंमत त्याच घरानं मोजली. मनीषा त्या मार्चात परीक्षेला बसली नाही, आणि पुढच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर निघाला. मी गोदामाच्या दारात उभी होते. ट्रॉलीत सरपण, पत्र्याची पेटी, हंडे, आणि त्यावर माणसं. नामदेवनं मला हात केला. त्याला तिनं सांगितलं नव्हतं. मनीषा कडेला बसली होती, गयाबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं. मग गयाबाईची नजर माझ्यावर पडली. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून नीट केला, मोठ्या घरच्या बाईसमोरून जाताना बायका करतात तसा. माझ्यासमोर तिनं असं कधीच केलं नव्हतं. ट्रॅक्टर फाट्याकडे वळला. त्यानंतर तिची माझी गाठ नाही. पुढल्या उन्हाळ्यात ती गावात परतली नाही. नामदेवच्या बहिणीच्या गावी राहिली, असं कळलं.

ट्रॅक्टर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी नेहमीसारखं गोदाम उघडलं. कापडाचे उरलेले तुकडे वेगळे केले, मशिनींवर पोती टाकली. बायका सभेला जमल्या. मला वाटलं, आता कांता सुरू होईल. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "ताई, गया जाताना सांगून गेली. ताईला बोल लावू नका म्हणली. कंपनीनंच ऐनवेळी सांगितलं म्हणली. फुडं काम आणायचं तर ताईच आणील. खरं हाय का?"

सतरा जणी माझ्याकडे बघत होत्या.

"खरं आहे," मी म्हणाले. इतिवृत्ताची वही उघडली, त्यात तसंच लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि सगळ्यांच्या आधी मी सही केली.